नियमात नसलेली पाच मिनिटं

पुलगाव, रविवार, १८ जानेवारी २०२६

ताई,

फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलं आहेस, हे कळलं. डिसेंबरपासून माझा एकही मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाही. मेलबर्नहून तू पाठवलेलं ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या चेंडूंचं पार्सल आलं होतं, त्यावर तुझा हा ई-मेल होता, तेवढीच एक वाट उरली. भांडण उकरायला लिहीत नाही. तू नर्स आहेस, तुझ्या वॉर्डात डोक्याला मार लागलेली माणसं येतात, म्हणून विचारायचं आहे.

प्रेरणा आठवते ना? आष्टीकडची, उंच, डाव्या पायानं किक मारणारी. तू आली होतीस तेव्हा तिच्या सुजलेल्या बोटांना पट्टी बांधून दिली होतीस आणि म्हणाली होतीस, ही पोरगी आमच्याकडच्या क्लबातही खेळेल. काल पिपरी मेघेच्या मैदानावर नागपूरच्या संघाशी आमचा उपांत्य सामना होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये ती पडली. साधा खांद्याला खांदा लागला होता. ती उठलीच नाही.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आहे. डोक्यात रक्तस्राव, मेंदूला सूज. काल संध्याकाळी ऑपरेशन झालं. श्वास मशीनवर आहे. डॉक्टर म्हणतात, बहात्तर तास थांबा. त्यातले वीस गेले.

सतरा वर्षांची पोर, ताई. या वयाची पोरं उठतात ना? तुझ्याकडे उठतात का? जे असेल ते लिही, माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस.

सगळं अचानक झालं. कुणाच्या लक्षात यावं असं आधी काही नव्हतं.

कैलास


पुलगाव, बुधवार, २१ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. रोज चार-पाचदा मेल उघडून पाहतो.

बहात्तर तास झाले. ती जिवंत आहे, एवढंच सांगतात. डोळे उघडत नाही. तिचा बाप लहानू गवंडीकाम करतो. काम सोडून चार दिवस दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसून आहे. मी शाळा आटोपली की पुलगावहून डबा घेऊन जातो. तो दोन्ही हातांनी घेतो आणि म्हणतो, "सर, तुमी होते म्हणून पोरगी इथवर आली." हे तो रोज म्हणतो. मी रोज ऐकून घेतो.

तुझ्या मनात तो नियमच येत असेल. माझ्याही तोच येतो.

मी तो कशासाठी आणला होता, हे तू डिसेंबरमधल्या समितीच्या बैठकीत पुरतं ऐकून घेतलं नव्हतंस. नागपूरवाले सोळा मुली घेऊन येतात. मैदानात नऊ, बेंचवर सात, आणि दर दोन मिनिटांनी दमलेली बाहेर, ताजी आत. माझ्याकडे कधी दहा, कधी अकरा. शेतावर वेचणी असली की नऊसुद्धा भरत नाहीत. तिसऱ्या क्वार्टरपासून माझ्या मुली पाय ओढत पळायच्या आणि ताज्या दमाच्या मुली त्यांच्या अंगावर येऊन आदळायच्या. मागच्या वर्षी दोघींची हाडं मोडली. म्हणून मी जिल्हा समितीत ठराव मांडला: पूर्ण सामन्यात दोनच बदल, आणि एकदा बाहेर गेलेली खेळाडू परत आत येणार नाही. दमायचं तर दोन्ही संघांनी सारखं दमावं. यात माझं काय वाईट होतं?

तू उभी राहिलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "डोक्याला मार लागलेली मुलगी तपासायला तिला पाच मिनिटं बाहेर बसवावं लागतं. कैलासच्या नियमात ती पाच मिनिटं कुठं आहेत? बाहेर गेलं की खेळ संपला, हे माहीत असलेली मुलगी मार लपवणारच." तिकडं ऑस्ट्रेलियातही बदली खेळाडूचा नियम आला, गेला, परत आला, आता पुन्हा काढला, हेही तू सांगितलंस. डोक्याच्या मारासाठी तात्पुरता बदल वेगळा ठेवा, तो दोनात मोजू नका, एवढंच तुझं म्हणणं होतं.

मी म्हणालो, मग जो तो डोकं धरून बसेल आणि फुकटचा बदल घेईल. हे मला आजही खरं वाटतं. पण त्यानंतर जे बोललो ते बोलायला नको होतं. "तू दोन आठवड्यांची पाहुणी आहेस, इथलं इथल्याले माहीत." माझ्या मोठ्या बहिणीला मी पाहुणी म्हणालो. हा खेळ मला जिनं शिकवला, पहिला लंबगोल चेंडू जिनं पाठवला, तिला.

तू ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी निघालीस. ठराव सात विरुद्ध दोन मतांनी पास झाला.

आणखी एक. पहिल्या पत्रात लिहिलं की आधी काही नव्हतं. दुसऱ्या क्वार्टरमध्येही तिला थोडं लागलं होतं. पण ती म्हणाली, मी ठीक आहे. तिनंच म्हटलं.

कैलास


पुलगाव, रविवार, २५ जानेवारी

ताई,

आज समितीचे अध्यक्ष सदाशिवराव घरी आले होते. गाडीतून उतरतानाच हातात टाईप केलेला कागद होता. चौकशीसाठी प्रशिक्षकाचा जबाब. त्यात लिहिलं होतं: खेळाडूने आधी झालेली इजा प्रशिक्षकापासून लपवली, त्यामुळे तिला बदलण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

मी म्हणालो, "पोरगी तिकडं बेशुद्ध आहे, आणि आपण तिच्या नावावर हे टाकायचं?"

"सर, तिच्यावर केस थोडीच होऊन राह्यली? कागदावरचं एक वाक्य आहे," ते म्हणाले. "तुमी विचार करा. प्रशिक्षकाची चूक निघाली तर तुमची नौकरी गेली. नियमाची चूक निघाली तर समिती गेली. मंग कोणते मायबाप आपल्या पोरी मैदानात पाठवतीन? साठ पोरी घरी बसतीन. त्यांच्यासाठी करा."

साठ मुलींची नावं माझ्या डोळ्यांपुढून गेली. खरंच गेली. आष्टीहून एसटीने येणाऱ्या, घरी खोटं सांगून येणाऱ्या, पहिल्यांदा अर्धी पँट घालताना रडलेल्या.

मी सही केली, ताई.

ते गेल्यावर मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. सही करताना मी साठ जणींचा विचार केला, असं तुला लिहिलं आहे. नोकरीचाही केला.

आता कुणाशी बोलू? शाळेतले सगळे "सर, काळजी नका करू" म्हणतात. लहानू पाया पडायला येतो. तू एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल.

कैलास


पुलगाव, गुरुवार, २९ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर आलं. एवढंच: "पहिला मार कधी बसला? वेळ लिही. त्यानंतर तिने काय केलं आणि तू काय केलंस तेही लिही."

नमस्कार नाही, नाव नाही. पण तू बरोबर तिथंच बोट ठेवलंस. दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं: "याआधी आज मार बसला होता का?" मी नाही म्हणालो होतो.

आता लिहितो. यातलं काहीही मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरा क्वार्टर, सहावं मिनिट असेल. चेंडू उंच आला, प्रेरणा आणि नागपूरची एक मुलगी दोघी एकदम उडाल्या. डोक्यावर डोकं आपटलं. आवाज मला सीमारेषेवर ऐकू आला. प्रेरणा उठली आणि आपल्याच गोलाकडे पळायला लागली. मुली हसल्या. मी तिला रेषेजवळ बोलावलं. अंपायरनं विचारलं, "सर, बदल आहे का?"

माझा एक बदल आधीच गेला होता. पौर्णिमाचा घोटा पहिल्याच क्वार्टरमध्ये मुरगळला होता. दुसरा मी शेवटच्या क्वार्टरसाठी राखला होता. आणि प्रेरणा बाहेर गेली तर संपलं, परत आणता येणार नव्हती. माझाच नियम. आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो.

"सर, मले काढू नका," ती म्हणाली. "निवडवाले आले. मी ठीक आहे."

मी विचारलं, "आज वार कोणता?"

"शनिवार."

बरोबर. मग मी विचारलं, "आपले गुण किती?"

तिनं आकडा सांगितला. तो आकडा त्या सामन्याचा नव्हता. आर्वीत दहा दिवसांपूर्वी खेळलो होतो, त्याचा होता.

मी ऐकलं. मला कळलं. डिसेंबरमध्ये तूच शिकवलं होतंस की असे प्रश्न विचारायचे, आणि उत्तर चुकलं तर त्या दिवशी ती मुलगी खेळणार नाही. अंपायर वाट पाहत होता. मी म्हणालो, "बदल नाही," आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

तिसरा क्वार्टर संपल्यावर ती मंडपामागे ओकली. पौर्णिमा लंगडत माझ्याकडे आली. "सर, पेरणा उलटी करून राह्यली. तिले दोन दोन चेंडू दिसते म्हणते." मी म्हणालो, ऊन लागलं असेल, लिंबूपाणी दे. जानेवारीतलं ऊन, ताई. बाकीच्या मुली स्वेटर घालून बसल्या होत्या.

शेवटच्या क्वार्टरच्या तिसऱ्या मिनिटाला ती पडली.

तिने लपवलं नाही. तिला सांगता येईल तेवढं तिनं सांगितलं. मी ज्यावर सही केली ते खोटं आहे. तुला लिहिलं त्यातलं अर्धं खोटं आहे.

आता तू काय ते म्हण.

कैलास


वर्धा, मंगळवार, ३ फेब्रुवारी

ताई,

दवाखान्यासमोरच्या बाकावर बसून फोनवरच लिहितो आहे.

तू लिहिलंस, "आधी डॉक्टरांना सांग. मग तिच्या बापाला. समितीचं शेवटी." तसंच केलं. शुक्रवारी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "स्कॅनमध्ये आम्हाला अंदाज आला होता. पण तुम्ही तेव्हाच सांगायला पाहिजे होतं," म्हणाले, आणि कागदावर लिहून घेतलं.

लहानूला सांगायला चार दिवस लागले. रोज डबा दिला आणि परत आलो. आज दुपारी तो नळावर डबा धूत होता. मी तिथंच उभा राहून सांगितलं. डोकं आपटल्याचं, चुकलेल्या गुणांचं, उलटीचं, सहीचं.

तो नळ बंद करायचा विसरला. पाणी वाहत होतं. मग त्यानं नळ बंद केला, डबा उपडा करून झटकला, माझ्या हातात दिला.

"म्हणून डबा आणत होते का सर?"

मी डबा पिशवीत ठेवला.

"सतरा दिवस मी तुमच्या घरचं खाल्लं," तो म्हणाला. "गावात लोकं मले म्हणून राह्यले, तुया पोरीनं लपवलं, तिचीच अकडबाजी नडली. मी तिच्या मायले म्हटलं, असंन बाप्पा. मी पोरीवर विश्वास नाई ठेवला. तुमच्यावर ठेवला."

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो वऱ्हांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. प्रेरणाची आई आतून आली, तिला त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

काल प्रेरणानं डोळे उघडले, हे त्यानं मला सांगितलंसुद्धा नाही. एका नर्सकडून कळलं.

मी इथून उठू कसा, ते सांग. पुलगावची गाडी दोनदा गेली.

कैलास


पुलगाव, सोमवार, १६ फेब्रुवारी

ताई,

काल वर्ध्यात समितीची बैठक झाली. बारा जण होते. सदाशिवरावांनी माझा जबाब वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, तो परत घेतो. मग सगळं सांगितलं. पौर्णिमाही आली होती, कुबडी घेऊन. तिनं मंडपामागचं सांगितलं. शेवटपर्यंत थांबली नाही.

सदाशिवराव म्हणाले, "सर, तुमी स्वतःले बुडवून राह्यले, ते ठीक. आमाले काऊन बुडवता?"

तुझं डिसेंबरचं म्हणणं मी पुन्हा मांडलं. डोक्याच्या मारासाठी तात्पुरता बदल, दोनात न मोजलेला. आणि मुलगी परत जाणार की नाही हे तिच्या संघाच्या प्रशिक्षकानं ठरवायचं नाही. हे दुसरं तू म्हणाली नव्हतीस, मी घातलं. मुलीला पाठवायचं की नाही हे ज्याला जिंकायचं आहे त्याला विचारू नये.

खूप वाद झाला. एक जण म्हणाला, लोक नाटकं करतील. हेच मी म्हणालो होतो, माझ्याच शब्दांत. मी त्याला म्हणालो, करू द्या. दहा जणींनी नाटक केलं आणि एक खरी वाचली तरी चालेल. तो म्हणाला, "आता तुमाले चालंनच."

तात्पुरता बदल एका मतानं मंजूर झाला. दुसरी गोष्ट पुढच्या बैठकीवर ढकलली. माझ्यावर पाच वर्षं बंदी घातली. शाळेनं आज सकाळी निलंबनाची नोटीस दिली. आष्टीच्या सहा मुलींची नावं पालकांनी काढून घेतली. सदाशिवराव तेवढं खरं बोलले होते.

तुला वाटेल, सांगितल्यावर हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. लहानूचं घर, माझी शाळा, त्या सहा मुली, सगळीकडे माझी पावलं आहेत, कुठं जाऊ? काल परत येताना पुलगावला उतरायचं विसरलो, धामणगावपर्यंत गेलो.

प्रेरणाला मशीनवरून काढलं आहे. बोलते म्हणतात. लहानू मला आत जाऊ देत नाही. त्याचा हक्क आहे.

कैलास


पुलगाव, बुधवार, ४ मार्च

ताई,

शनिवारी लहानूचा फोन आला. त्याच्या फोनवर माझं नाव अजून आहे याचंच नवल वाटलं. "उद्या येजो," म्हणाला, आणि ठेवून दिला.

गेलो. प्रेरणा अजून दवाखान्यातच आहे, डोक्यावरचे केस काढले आहेत. उजवा हात नीट उचलत नाही. बोलते, पण एकेक शब्द वजन उचलल्यासारखा. मला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला. आईनं धरलं.

"सर," ती म्हणाली, "माफ करा. मी लपवलं तुमच्यापासून."

मी लहानूकडे पाहिलं. तो खिडकीपाशी उभा होता.

"तिले सामन्याचं काई आठवत नाई," तो म्हणाला. "गावातली बाई भेटाले आली, तिनं सांगतलं, तू लपवलं म्हणून. तेव्हापासून हेच धरून बसली. आमी सांगतलं का नाई लपवलं, तर तिले वाटते, मायबाप समजूत घालून राह्यले. म्हणून तुमाले बोलावलं."

तू मागच्या मेलमध्ये लिहिलं होतंस, अशा पेशंटशी लहान वाक्यांत बोल, वाद घालू नको, आणि खरं सांगायचं असेल तर दर वेळी तेच शब्द वापर. मी खुर्ची ओढली. म्हणालो, "प्रेरणा, तू लपवलं नाहीस. तुला लागलं ते मी पाहिलं. मी तुला गुण विचारले. तू चुकीचे सांगितलेस. मला कळलं, तरी मी तुला खेळवलं. चूक माझी."

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मी खोटं नाई बोलली?"

"नाही."

"बाबा, सर काय म्हणून राह्यले, ऐकलं का?"

"ऐकलं," लहानू म्हणाला. तिची आई बाहेर निघून गेली.

मग प्रेरणानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. दहा मिनिटांनी डोळे उघडले, मला पाहिलं, पुन्हा उठायचा प्रयत्न केला.

"सर, माफ करा. मी लपवलं तुमच्यापासून."

तिच्या डोक्यात नवं काही टिकत नाही, ताई. त्या बाईनं सांगितलेलं कसं टिकलं ते देव जाणे. डॉक्टर म्हणतात, टिकायला लागेल. आठवड्यांत की महिन्यांत, ते सांगता येत नाही. काहींचं पूर्ण परत येत नाही, हेही म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. तेच शब्द. तिनं पुन्हा विचारलं, मंग मी खोटं नाई बोलली? आणि पुन्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

निघताना लहानू दारापर्यंत आला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी तुमाले माफ नाई केलं. समजून घ्या. पण तिच्या ध्यानात राहीपर्यंत तुमी रोज येजो. आमच्यानं सांगून होत नाई. तुमच्याच तोंडून तिले पटते."

आज चौथा दिवस. आज तीनदा सांगितलं. उद्या दुपारच्या गाडीनं पुन्हा जातो आहे.

तुझा धाकटा,
कैलास